रुग्णालयाच्या भिंतीबाहेर : इंद्रायणी-भीमाकांठची आरोग्यसेवा

लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी इंद्रायणी देहूवरून आळंदीस येते, आळंदी मागें टाकल्यावर चऱ्होलीच्या शिवाराजवळून वाहते आणि मरकळवरून पुढें जाऊन तुळापूर येथें भीमेस मिळते. तुळापुरापासून जवळच भीमेच्या कांठीं वढू बुद्रुक हें गांव आहे. महाराष्ट्राच्या मनांत या गांवांचें स्थान काय आहे हें निराळें सांगावयास नको. आळंदीस ज्ञानदेवांची समाधि, तुळापुरास १६८९ सालचें संभाजीमहाराजांचें बलिदान, वढूस त्यांची समाधि आणि चऱ्होलीस वाघेश्वराचें देवालय. वारीच्या दिवसांत हा मुलूख टाळमृदंगानें दुमदुमून जातो. परंतु याच नदीकांठीं गेल्या पन्नास वर्षांत आणखी एक कार्य उभें राहिलें. त्याची दिंडी निघाली नाहीं कीं पालखी निघाली नाहीं. शहरांतील एक रुग्णालय आपल्या भिंती ओलांडून खेड्यांत आलें आणि गांवच्याच माणसांच्या हातून त्यानें गांवाची सेवा चालविली. त्या सेवेची हकीगत हा या भाषणाचा विषय आहे.

रुग्णालय म्हटलें कीं डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. मोठी इमारत, औषधांचा उग्र वास, पांढऱ्या पोशाखांतील परिचारिका आणि ओळीनें मांडलेल्या खाटा. रुग्णालय केवढें आहे असें कोणी विचारलें तर खाटांचा आंकडा सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. हा आंकडा महत्त्वाचा आहेच. पण रोगी त्या खाटेपर्यंत पोंचला पाहिजे आणि वेळेवर पोंचला पाहिजे. एरवीं खाट असून नसून सारखीच. म्हणून रुग्णालयाची योग्यता पाहतांना दुसरेंही एक माप घ्यावें लागतें. रोगी आणि उपचार यांच्यामधील अंतर त्या रुग्णालयानें किती कमी केलें, हें तें माप होय. हें अंतर कोसांचें असतें, तसेंच तें पैशाचें, अज्ञानाचें आणि भीतीचेंही असतें. रस्ता बांधून कोसांचें अंतर तुटतें. बाकीचीं अंतरें तोडण्यास माणसेंच लागतात.

पूर्वींच्या काळीं हें अंतर केवढें होतें त्याची आज कल्पना करणें कठीण आहे. डेव्हिड ससून या दानशूर गृहस्थांच्या देणगींतून पुण्यास ससून रुग्णालय १८६७ सालीं सुरू झालें. चऱ्होली, मरकळ, वढू, केंदूर अशा गांवच्या लोकांना मोठें रुग्णालय तेवढें एकच. तेथपर्यंत जावयाचें तें बैलगाडीनें. पावसाळ्यांत ओढे-नाले भरले आणि नदीस पूर आला कीं तोही मार्ग बंद. घरांत अडलेली बाळंतीण असेल तर सुईणीनें आपल्या अनुभवाप्रमाणें प्रयत्न करावेत, वडील माणसांनीं देवापुढें नारळ ठेवावा आणि पहांटेची वाट पाहावी, याहून अधिक कांहीं कोणाच्या हातीं नव्हतें. सुईण अनुभवी असे, मायाळूही असे. पण आडवें आलेलें मूल अगर न थांबणारा रक्तस्राव यांपुढें तिची विद्या संपे.

याच्या जोडीला भीति होती. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला तेव्हां सरकारनें घरांच्या झडत्या घेतल्या आणि रोग्यांना सक्तीनें हलविलें. रुग्णालय म्हणजे जेथून माणूस परत येत नाहीं अशी जागा, ही समजूत त्या काळांत दृढ झाली. त्याच साथींत सावित्रीबाई फुले यांनीं आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याच्या बाहेर रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. रोगी एकच, रोगही एकच. पण एका बाजूस दारावर येणारा शिपाई होता आणि दुसऱ्या बाजूस रोग्याला उचलून घेणारी माय होती. लोकांच्या आरोग्याचें काम कोणत्या मार्गानें होतें, याचा धडा त्या एका वर्षानें पुण्यास दिला होता.

पुढें सारें राष्ट्रच या प्रश्नाकडे वळलें. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या समितीनें १९४६ मध्यें आपला अहवाल सादर केला. त्या अहवालांतील आंकडे आजही वाचवत नाहींत. जन्मलेल्या हजार मुलांपैकीं सुमारें १६२ मुलें पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वींच जात आणि दर हजार जन्मांमागें सुमारें २० माता बाळंतपणांत दगावत. साऱ्या हिंदुस्थानांत वर्षाला दोन लाख स्त्रिया या कारणानें मरत असाव्यात असा समितीचा अंदाज होता. रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षां रोग होऊंच नये म्हणून झटावें, आणि त्यासाठीं खेडोपाडीं प्राथमिक आरोग्यकेंद्रें उभारावीं, अशी तिची शिफारस होती. त्याप्रमाणें १९५२ पासून अशीं केंद्रें उघडूं लागलीं. आज नियमाप्रमाणें सपाट प्रदेशांत पांच हजार वस्तीस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र आणि सुमारें एक लाख वीस हजारांस एक ग्रामीण रुग्णालय असावयाचें असतें. योजना उत्तमच होती. परंतु इमारत बांधल्यानें डॉक्टर तेथें राहतोच असें नाहीं आणि डॉक्टर राहिला तरी गांवची लाजाळू सून त्याच्यापर्यंत जातेच असें नाहीं. येथें वढूच्या कार्याचा संबंध येतो.

पुण्याच्या रास्ता पेठेंत के. ई. एम. रुग्णालय आहे. मुंबईस परळ येथें त्याच नांवाचें महानगरपालिकेचें विख्यात रुग्णालय आहे. त्याच्याशीं या संस्थेचा घोटाळा होऊं नये. सातवे एडवर्ड १९१० सालीं मरण पावले, त्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ देशांत ठिकठिकाणीं संस्था निघाल्या, त्यांपैकीं पुण्याची ही एक. तिची स्थापना १९१२ सालची. १९४४ मध्यें डॉ. बानूबाई कोयाजी तेथें रुजू झाल्या तेव्हां तें चाळीस खाटांचें प्रसूतिगृह होतें. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षण पुरें केलेल्या या पारशी बाईंनीं पुढें पांच दशकांहून अधिक काळ त्या संस्थेची धुरा वाहिली. चाळीस खाटांचीं साडेपांचशे खाटा झाल्या, प्रसूतिगृहाचें सर्व रोगांवर उपचार करणारें मोठें रुग्णालय झालें आणि १९७२ सालीं त्यास संशोधनकेंद्राचीही जोड मिळाली.

एखाद्या संस्थाचालकास एवढ्यानें समाधान वाटलें असतें. बानूबाईंचें तसें झालें नाहीं. प्रसूतिगृहांत काम करणाऱ्या डॉक्टरला रोग्याच्या आजाराबरोबर त्याला झालेला उशीरही दिसत असतो. खेड्यांतून येणारी बाळंतीण दोन-दोन दिवस अडून राहिल्यावर येते. तिचें रक्त आधींच पाण्यासारखें झालेलें असतें. गर्भारपणांत पायांवर सूज होती, डोकें दुखत होतें. पण ती धोक्याची खूण आहे हें घरांत कोणाला ठाऊक नसतें. एक बाळंतपण उरकून वर्ष झालें नाहीं तों दुसरें येऊन ठेपलेलें असतें. अशा बाईला वांचविण्यास शस्त्रक्रियागृहांत जें कौशल्य लागतें तें मोठें खरें, परंतु तीच बाई चार महिने आधीं भेटली असती तर लोहाच्या गोळ्या आणि एक साधी तपासणी एवढ्यावर काम भागलें असतें. संततिनियमनाच्या बाबतींतही हेंच होतें. रघुनाथराव कर्वे यांनीं मुंबईस आणि शकुंतलाबाई परांजपे यांनीं पुण्यास लोकनिंदा सोसून तो विचार मांडला होता. पण खेड्यांतील स्त्रीपर्यंत तो विचार पोंचविणारें कोणी नव्हतें. रोगी रुग्णालयापर्यंत येत नाहींत तर रुग्णालयानेंच त्यांच्यापर्यंत जावें, असा विचार बानूबाईंच्या मनांत पक्का झाला आणि १९७० नंतरच्या दशकांत शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक हें त्यांच्या ग्रामीण कार्याचें ठाणें झालें. शिरडी साईबाबा ग्रामीण रुग्णालय या नांवानें तेथील रुग्णालय ओळखलें जातें.

हें करतांना बानूबाईंनीं शहरांतील डॉक्टरांची फौज खेड्यावर पाठविली नाहीं. तशी फौज कोणत्याही रुग्णालयाकडे नसते. असली तरी ती फार दिवस टिकत नाहीं. गांवांतील स्त्रीपुरुष निवडून त्यांनाच आरोग्यसेवेचें शिक्षण देण्याची पद्धति त्यांनीं अंगीकारली. हीं माणसें फारशीं शिकलेलीं नव्हतीं. पण कोणत्या घरीं सून गरोदर आहे, कोणाचें मूल चार दिवस अंगावर पीत नाहीं, कोणत्या विहिरीचें पाणी गढूळ झालें आहे, कोणता म्हातारा महिनाभर खोकतो आहे, हें ज्ञान त्यांच्यापाशीं आधींपासूनच होतें. पुण्याच्या कोणत्याही पदवीधरास तें मिळविण्यास वर्ष लागलें असतें. त्या ज्ञानाला थोड्या शास्त्राची जोड द्यावयाची, एवढेंच काम उरलें होतें.

हें थोडें शास्त्र म्हणजे काय, तें समजून घेणें उचित होईल. कारण खेड्यांतील मृत्यूंचा मोठा भाग अगदीं साध्या उपायांनीं टळण्याजोगा असतो. हगवणीचेंच उदाहरण घ्यावें. हगवणीनें मूल मरतें तें बहुधा जंतूंमुळें थेट मरत नाहीं; अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें मरतें. आतड्याचा असा गुणधर्म आहे कीं साखर आणि मीठ योग्य प्रमाणांत एकत्र गेलीं म्हणजे हगवण चालू असतांनाही तें पाणी शोषून घेतें. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढें द्रावण घोट-घोट पाजीत राहिलें तर मूल तरतें. बांगलादेशाच्या १९७१ च्या युद्धांत निर्वासितांच्या छावणींत पटकीची साथ आली तेव्हां डॉ. दिलीप महालनोबीस यांनीं याच जातीच्या द्रावणावर भिस्त ठेवली. सुमारें तीस टक्क्यांवर गेलेलें मृत्यूचें प्रमाण चार टक्क्यांच्या खालीं आलें. जें द्रावण छावणींत डॉक्टरांवांचून नातेवाईकांना पाजतां आलें, तें खेड्यांत आईला कां पाजतां येऊं नये? तिला तें शिकविणारें माणूस मात्र तिच्या आळींत पाहिजे.

धनुर्वाताचेंही तसेंच. नाळ कापण्याचें हत्यार अस्वच्छ असलें अगर नाळेवर राख-शेण लावलें कीं आठवड्याच्या आंत बाळ आंखडून जाई. लोक त्यास बाहेरची बाधा समजत. मातेला गरोदरपणांत धनुर्वाताची लस टोंचली आणि नाळ उकळलेल्या पात्यानें कापली कीं ही बाधा नाहींशी होते. विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकणें, बाळाचें वजन करून तें अडीच किलोच्या खालीं असल्यास त्यास उबेंत ठेवून वारंवार पाजणें, लांबलेल्या खोकल्याच्या माणसाची थुंकी तपासण्यास पाठविणें, गर्भवतीच्या पायांवरील सूज ओळखणें, हीं सर्व कामें चौथी-पांचवी शिकलेल्या बाईस नीट करतां येतात. तिला न येणारें काम ओळखणें, हाच तिच्या शिक्षणाचा मुख्य भाग असतो. आपली विद्या कोठें संपते आणि गाडी केव्हां जोडावी हें जिला कळलें ती सेविका तयार झाली, असें समजण्यास हरकत नाहीं.

म्हणून या रचनेंत साखळीला महत्त्व आहे. पहिली कडी गांवांतील सेविका, दुसरी कडी वढूचें ग्रामीण रुग्णालय, तिसरी कडी पुण्याचें मोठें रुग्णालय. सेविकेनें पाठविलेल्या बाईला वढूस कोणी विचारलें नाहीं, तर पुढल्या खेपेस गांव सेविकेचें ऐकणार नाहीं. वढूहून पाठविलेल्या रोग्याला पुण्यास जागा मिळाली नाहीं, तर वढूचा शब्द पडेल. साखळीचें बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढेंच असतें, हें येथें अक्षरशः खरें ठरतें. नुसत्या सेविका नेमून मागें रुग्णालय न ठेवणाऱ्या पुष्कळ योजना यामुळेंच कोलमडल्या. आणि नुसतीं रुग्णालयें बांधून पुढें सेविका न ठेवणाऱ्या योजना रित्या खाटा मोजीत बसल्या.

असा विचार त्या काळीं एकट्या वढूसच सुचला असें नव्हे. नगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, जामखेड येथें डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं असेंच कार्य आरंभिलें होतें व निरक्षर स्त्रियांकडून तें यशस्वी करून दाखविलें. सरकारनेंही २ ऑक्टोबर १९७७ पासून देशभर ग्रामआरोग्यसेवकांची योजना सुरू केली. सप्टेंबर १९७८ मध्यें त्या वेळच्या सोव्हिएत संघराज्यांतील अल्मा-आटा येथें जगांतील राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवा हाच सर्वांच्या आरोग्याचा मार्ग होय, असें त्यांनीं जाहीर केलें. भीमेकांठीं काय किंवा जामखेडच्या माळावर काय, जें काम आधींच हातीं घेतलें गेलें होतें, त्याला जगानें दिलेली ती मान्यता होती. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं आणि बानूबाईंस १९९३ सालीं रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. भारत सरकारनें १९८९ मध्येंच बानूबाईंना पद्मभूषण देऊन गौरविलें होतें. २००४ सालीं त्या निवर्तल्या. आज गांवोगांवीं दिसणारी आशा कार्यकर्ती २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून आली. हजार वस्तीमागें एक अशी तिची नेमणूक असते. तिच्या आधीं तीस वर्षें वढू-जामखेडच्या सेविकांनीं ती वाट तुडविली होती.

येथवर रुग्णालयानें गांवास काय दिलें तें झालें. गांवानें रुग्णालयास काय दिलें, हा हकीगतीचा दुसरा भाग कमी महत्त्वाचा नाहीं. के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. शेतांत राबणाऱ्या, अंगानें बारीक अशा स्त्रियांच्या पोटीं जन्मणाऱ्या मुलांचीं वजनें व मापें घेण्यांत आलीं. मुलांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदम्पटन येथील मुलांचें ३.५ किलो होतें. आपलीं मुलें लहानखुरीं असतात हें नवें नव्हतें. नवें होतें तें हें कीं या कृश दिसणाऱ्या मुलांच्या अंगावर स्नायु कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. वरून बारीक आणि आंतून स्निग्ध अशी ही ठेवण पुढें मोठेपणीं मधुमेहास अनुकूल ठरते, असा या अभ्यासाचा रोंख आहे. ज्या मातांच्या आहारांत हिरव्या पालेभाज्या, फळें आणि दूध अधिक वेळां होतें त्यांचीं मुलें जन्मतः अधिक भरलेलीं असतात, असेंही दिसून आलें. खेड्यांतील गरीब बाईच्या ताटांतील मेथी-चाकवताचा आणि चाळीस वर्षांनंतरच्या शहरी रोगाचा असा संबंध आहे, हें जगाला कळलें तें या खेड्यांतील आयांनीं आपलीं बाळें तराजूवर ठेवूं दिलीं म्हणून.

दुसरें उदाहरण लशीचें. रोटा विषाणूमुळें लहान मुलांना होणारी हगवण फार घातक असते. तिच्यावर भारतांत तयार केलेल्या लशीची कसोटी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणें अशा तीन ठिकाणीं झाली. पुण्याच्या बाजूचें काम वढूच्या केंद्रानें केलें. तिन्ही ठिकाणीं मिळून ६,७९९ बालकें त्यांत होतीं. पहिल्या वर्षांत लशीनें तीव्र हगवणीचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटलें आणि २०१६ पासून सरकारनें ती लस बालकांना विनामूल्य देण्यास आरंभ केला. अशी कसोटी नुसत्या प्रयोगशाळेंत होत नाहीं. महिनोन् महिने घरोघर जाऊन मुलाची चौकशी करणारें माणूस लागतें, त्याच्यावर विश्वास ठेवून दार उघडणारी आई लागते, आणि तिला सारें समजावून सांगून, नकार देण्याची पूर्ण मोकळीक ठेवून, मग तिची संमति घेणारी संस्था लागते. हा विश्वास वढूच्या परिसरांत तीन-चार दशकांच्या सेवेंतून निर्माण झाला होता. २००२ पासून वढूच्या भोंवतालच्या २२ गांवांत जन्म, मृत्यु आणि स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. गांवांतील कोण कशानें दगावला याची खरी नोंद आपल्या देशांत फार थोड्या ठिकाणीं मिळते. त्या थोड्या ठिकाणांत हा भाग मोडतो.

या सेवेचें फळ एकट्या संस्थेच्या पदरांत टाकणें न्याय्य होणार नाहीं. रस्ते झाले, शाळा झाल्या, मुलींचीं लग्नाचीं वयें वाढलीं, सरकारी केंद्रें सुधारलीं, आणि २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यांत धांवूं लागली. या सर्वांचा मिळून परिणाम आंकड्यांत दिसतो. २०१८ ते २०२० या काळांत महाराष्ट्रांत एक लाख जन्मांमागें ३३ माता दगावल्या. भोर समितीच्या हिशेबानें ही संख्या साऱ्या देशांत सुमारें दोन हजार होती. हजारीं १६२ हा बालमृत्यूचा आंकडा २०२० मध्यें महाराष्ट्रांत १६ वर आला होता. हे आंकडे अनेकांनीं मिळून खालीं आणले. परंतु त्यांपैकीं प्रत्येक वांचलेली बाई कोणा तरी शेजारणीनें वेळेवर गाडींत बसविलेली असते, ही गोष्ट आंकड्यांत दिसत नाहीं.

आतां चऱ्होलीकडे वळावयाचें. कारण या नदीकांठचा प्रश्न आज निराळ्या रूपानें तेथें उभा आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळानें कारखान्यांसाठीं जमिनी घेतल्या आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं धुराडीं उभीं राहिलीं. पुढें चाकण, सणसवाडी, रांजणगांव असा हा पट्टा पसरत गेला. पिंपरी-चिंचवडची १९८२ सालीं महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्यें चऱ्होली तिच्या हद्दींत गेली. महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय १९८९ पासून पिंपरीच्या संत तुकारामनगरांत चालू आहे. त्याच्या साडेसातशे खाटा आहेत आणि शहराबरोबर खेड, मावळ, जुन्नर या तालुक्यांतूनही रोगी तेथें येतात. भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथेंही पालिकेचीं रुग्णालयें आहेत. २०२० च्या करोनाच्या साथींत या सर्व रुग्णालयांची जी कसोटी लागली ती अद्याप लोकांच्या स्मरणांत आहे. बैलगाडीच्या काळांतील कोसांचें अंतर चऱ्होलीपुरतें तरी संपलें, असें म्हणतां येईल.

पण इतर अंतरें उरलीं आहेत आणि कांहीं नवीं निर्माण झालीं आहेत. ज्या आळींत पूर्वीं चारच घरें होतीं तेथें आतां अनेक मजल्यांच्या इमारती आहेत आणि चाकणच्या बाजूस एका खोलींत सात-आठ कामगार राहतात. ते विदर्भ-मराठवाड्यांतून, बिहार-उत्तर प्रदेशांतून आलेले असतात. पाळी बदलली कीं एक झोपतो आणि दुसरा उठतो. त्यांच्यांतील कोणाची बायको गरोदर असली तर आळींतील सेविकेस तें ठाऊक नसतें. आणि सेविकेस ठाऊक होईपर्यंत बिऱ्हाड दुसऱ्या खोलींत गेलेलें असतें. जुन्या गांवकऱ्यांचे रोगही बदलले आहेत. हगवण-धनुर्वाताची जागा मधुमेहानें आणि रक्तदाबानें घेतली आहे. हे रोग ओरडून येत नाहींत. वर्षानुवर्षें ते मुकाट्यानें अंगांत राहतात आणि एके दिवशीं पक्षाघाताच्या रूपानें प्रकट होतात. जमीन विकून बंगला बांधलेल्या माणसाला दारांत मोटार आहे, कोसावर मोठें रुग्णालय आहे. पण आपला रक्तदाब किती आहे तें त्याला ठाऊक नाहीं. अंतर पुन्हां तेंच, फक्त त्याची दिशा बदलली.

यावर उपाय नवा शोधावा लागत नाहीं. वढूस जो सांपडला तोच येथें नव्या परिस्थितींत लावून पाहावयाचा आहे. कामगारांच्या खोल्यांतून त्यांच्याच भाषेची एखादी बाई शिकवून तयार करावयाची. इमारतींच्या संस्थांनीं महिन्यांतून एक दिवस रक्तदाब आणि साखर मोजण्यास द्यावयाचा. गरोदर बाईची नोंदवही तिच्याबरोबर एका खोलींतून दुसऱ्या खोलींत आणि एका तालुक्यांतून दुसऱ्या तालुक्यांत जाईल अशी तजवीज करावयाची. आशा कार्यकर्तीला मात्र या कामाचा मोबदला वेळेवर आणि पुरेसा मिळाला पाहिजे. जी साऱ्या साखळीची पहिली कडी, तिनें अर्ध्या पोटीं सेवा करावी आणि पुढल्या कड्यांनीं पगार घ्यावा, ही गोष्ट न्यायाचीही नव्हे आणि शहाणपणाचीही नव्हे.

पुण्याच्या रास्ता पेठेपासून भीमाकांठच्या वढूपर्यंतचें अंतर एका पिढीनें तोडून दाखविलें. चऱ्होलीच्या नव्या इमारतींत एका दारापासून समोरच्या दारापर्यंतचें अंतर चार पावलांचें आहे. तें तोडण्याचें काम या पिढीकडे आलें आहे.